खेळाडूच्या वकिलाची फी कोणीं भरावी ?

व्यवसाय म्हणून खेळल्या जाणाऱ्या कित्येक खेळांत प्रत्येक क्लबानें आपल्या सर्व खेळाडूंवर मिळून अमुकच रक्कम वेतनादाखल खर्च करावी, असा निर्बंध असतो. गबर क्लबानें सगळे उत्तम खेळाडू विकत घेऊन सामन्यांतील चुरसच नाहींशी करूं नये, हा त्यांतील हेतु. आपल्या आयपीएलमध्येंही २०२५ च्या हंगामासाठीं प्रत्येक संघास १२० कोटी रुपयांची मर्यादा होती.

आतां एखादा खेळाडू कोर्टकचेरींत सांपडला व त्याच्या वकिलाची फी क्लबानें भरली, तर ती वेतनांत धरावयाची कीं नाहीं ? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण पळवाट शोधणारास एवढी फट पुरे होते. इंग्लंडमधील सॅरसन्स ह्या रग्बी क्लबाच्या चेअरमननें कांहीं खेळाडूंबरोबर भागीदारींत भांडवल गुंतविलें होतें. तें न कळविलेलें वेतनच होय, असें ठरून २०१९ सालीं क्लबाचे ३५ गुण कापले गेले व त्रेपन्न लाख पौंडांहून अधिक दंड झाला. तेव्हां दारू पिऊन मोटार ठोकणाऱ्या खेळाडूचा वकील क्लबानें पोसला, तर ती पगारवाढच म्हणावी लागेल.

परंतु ऑस्ट्रेलियांतील एसेंडन क्लबाची गोष्ट निराळी आहे. २०१२ सालीं ह्या फुटबॉल क्लबानें खेळाडूंस पूरक द्रव्यांच्या सुया टोचण्याचा कार्यक्रम चालविला. क्लबानें पुढें केलेल्या संमतिपत्रांवर पोरांनीं सह्या केल्या. पुढें ३४ खेळाडूंवर निषिद्ध द्रव्य घेतल्याचा आरोप आला. मार्च २०१५ मध्यें देशांतील न्यायमंडळानें त्यांस सोडलें. अपिलांत, जानेवारी २०१६ मध्यें, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानें दोन वर्षांची बंदी घातली, आणि जे अजून खेळत होते त्यांचा तो सबंध हंगाम बुडाला. लवादानें खेळाडूंसही जबाबदारींतून मोकळें केलें नाहीं, हें खरें. तरी ह्या संकटाचें मूळ क्लबाच्याच घरांत होतें. अशा बचावाचा खर्च वेतनांत मोजला, तर मर्यादा सर्वांची मिळून असल्यामुळें क्लबाच्या चुकीचा भुर्दंड संघांतील इतर गड्यांच्या पगारावर पडणार !

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हा भेद समजावून सांगावयास नको. घरच्या पेढीच्या व्यवहारावरून धाकट्या भावावर फिर्याद झाली, तर खर्च सामायिक तिजोरींतून होतो व वाटणीचे वेळीं त्याच्या हिश्श्यांतून तो कोणी कापीत नाहीं. स्वतःच्या भानगडीचा हिशेब मात्र वेगळा.

आणि खटला क्लबावरच असेल तर ? जॉर्ज ईस्टहॅमचा करार १९६० सालीं संपला, तरी न्यूकॅसल युनायटेड त्याला सोडीना. तेव्हां तो कांहीं काळ बुचाच्या मालाची विक्री करीत राहिला. पुढें तो आर्सेनल क्लबाकडे गेला, पण दावा त्यानें सोडला नाहीं. खेळाडूस असें अडवून धरणें म्हणजे त्याच्या धंद्यास गैरवाजवी प्रतिबंध होय, असा निकाल १९६३ सालीं न्या. विल्बरफोर्स यांनीं दिला. त्याच्या वकिलांसाठीं पंधरा हजार पौंड दिले ते खेळाडूंच्या संघटनेनें.