‘पेरेनियल’ : बारमाही की बहुवर्षायू ?

इंग्रजीतील ‘पेरेनियल’ या शब्दाला मराठीत तीन प्रतिशब्द रूढ आहेत. तत्त्वचिंतनात त्याला ‘चिरंतन’ म्हणतात, वनस्पतिशास्त्रात ‘बहुवर्षायू’, आणि पाटबंधाऱ्यांच्या व महसुलाच्या भाषेत ‘बारमाही’. हा भेद केवळ अर्थच्छटांचा आहे असे समजणे चुकीचे ठरेल. टिकाऊपणा कोणत्या मापाने मोजावयाचा, याविषयीचाच तो भेद आहे.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘पेरेन्निस’ हे विशेषण होय. ‘पेर’ म्हणजे आरपार, आणि ‘आन्नुस’ म्हणजे वर्ष. समासात आद्य ‘आ’चा ‘ए’ होतो, जसा तो ‘मिलेनियम’ या शब्दातही झालेला आहे. ‘वर्षाच्या आरपार’ हा अर्थ स्पष्ट दिसतो खरा. परंतु एका वर्षाच्या की अनेक वर्षांच्या, हे शब्द सांगत नाही. न आटणाऱ्या पाण्यालाही रोमन लेखक हेच विशेषण लावीत, आणि आपले काव्य कांस्याहून टिकाऊ असल्याचे सांगताना होरेसने याच विशेषणाचे तरभाववाचक रूप योजले. इंग्रजीत सतराव्या शतकात हा शब्द प्रथम सदाहरित वनस्पतींसाठी आला आणि त्याच शतकात अनेक वर्षे जगणाऱ्या वनस्पतींनाही लागू झाला. संदिग्धता अशी मुळापासूनच आहे.

‘आन्नुस’चा संबंध ‘जाणे’ या अर्थाच्या भारत-युरोपीय धातूशी जोडला जातो. संस्कृतातील ‘अत्’ हा त्याचाच सगोत्र मानतात, आणि धातुपाठ त्याचा अर्थ ‘सतत जाणे’ असा देतो. टिकण्याच्या शब्दात जाण्याचा धातू असावा, ही मोठी मौजेची गोष्ट म्हटली पाहिजे. आपले ‘वर्ष’ मात्र पावसावरून आले.

पावसाचे हे वर्ष जावळी तालुक्यात मेढ्याच्या परिसरात विशेष ठळक दिसते. तेथील डोंगरउतारांवरील कारवी पावसाळ्यात हिरवीगार होते, आणि पाऊस सरल्यावर तिच्या निर्जीव भासणाऱ्या काठ्याच तेवढ्या उरतात. तरीही ती मेलेली नसते. साधारणतः सात-आठ वर्षांनी एकदा ती रानभर एकदम फुलते, बी धरते, आणि मगच मरते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती निःसंशय ‘पेरेनियल’ होय. पण तिला ‘बारमाही’ म्हटले तर जावळीतील गुराखीसुद्धा हसेल. येथे ‘बहुवर्षायू’ हाच शब्द हवा.

नदीची गोष्ट याच्या उलट. महाबळेश्वरी उगम पावणारी वेण्णा मेढ्यावरून वाहत जाऊन माहुलीला कृष्णेस मिळते. नदी बारमाही की हंगामी हे ठरविताना ती किती शतके वाहत आहे असे कोणी विचारीत नाही. चैत्र-वैशाखात तिला पाणी असते काय, एवढेच पाहिले जाते. कालव्यांच्या बाबतीत ‘आठमाही’ हा शब्द ‘बारमाही’च्या शेजारी उभा राहू शकतो, तो याच मापामुळे. ‘चिरंतन’ला असा शेजारी संभवत नाही.

या निवडीला व्यवहारात किंमत असते. १९६१ च्या महाराष्ट्र शेतजमीन कमाल धारणा कायद्याने जमिनीची मर्यादा पाण्याच्या प्रकारावरून ठरविली आणि बारमाही ओलिताच्या जमिनीस ती १८ एकर ठेवली. कोरडवाहूस याहून पुष्कळ अधिक. तेथे ‘पेरेनियल’चा अर्थ ‘कायमचे पाणी’ असा सैल केला, तर केवळ पावसाळ्यात भरणारा परंतु पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला बंधाराही त्यात बसू लागेल, आणि कुळकायद्यापासून पाणीपट्टीपर्यंत ज्याचे जीवन अशा शब्दांनी बांधलेले आहे त्या शेतकऱ्याला त्याचा भुर्दंड पडेल.

उसाच्या बाबतीत मात्र दोन्ही अर्थ एकाच शेतात भेटतात. तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात व खोडवा घेता येतो, म्हणून शास्त्रज्ञ त्यास बहुवर्षायू गवत म्हणतो. उन्हाळ्यातही पाणी मागतो, म्हणून कालव्यावरचा कारकून त्याची नोंद बारमाही पिकांत करतो. आणि आडसाली ऊस तर दीड वर्ष उभा राहून बारा महिन्यांची मर्यादाही ओलांडतो.