वेल्डिंगचं हेल्मेट : साधं घ्यावं की ऑटो?

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, देवळी, कुठेही जा, रस्त्याच्या कडेला ग्रिल-गेटचं एखादं दुकान दिसतंच. आपल्या समाजातील अनेक घरं या कामावर चालतात. पण बऱ्याच मुलांच्या डोळ्यांवर फक्त काळा चष्मा असतो. टाका मारताना तर तोही नाही; मान वळवायची, डोळे मिटायचे आणि रॉड टेकवायचा.

त्रास लगेच कळत नाही. दुपारी काम केलं की ईशाच्या सुमारास डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, दिवा सहन होत नाही. यालाच ‘वेल्डिंग लागली’ म्हणतात. आर्कच्या अतिनील किरणांनी बुबुळावरचा नाजूक थर भाजलेला असतो. बहुधा एक-दोन दिवसांत आराम पडतो, पण म्हणून रोज डोळे भाजून घ्यायचे का? हेल्मेट हवंच. प्रश्न एवढाच की कोणतं?

साधं हेल्मेट : यात ठरावीक नंबरची काळी काच असते. 60 ते 160 अँपिअरच्या रॉड वेल्डिंगला साधारण 10 नंबर चालतो. त्याहून जास्त करंटला 11-12. स्वस्त आहे, बॅटरी लागत नाही, काच फुटली तर बदलता येते. अडचण एकच : आर्क पेटेपर्यंत आतून काहीच दिसत नाही. म्हणून मुलं हेल्मेट वर ठेवूनच टाका मारतात, आणि वेल्डिंग तिथेच लागते.

ऑटो हेल्मेट : आर्क नसताना काच 3-4 नंबरची, म्हणजे आरपार दिसणारी. आर्क पेटताच सेन्सर ती काच डोळ्याची पापणी लवण्याआधी 9 ते 13 नंबरपर्यंत काळी करतो. दोन्ही हात मोकळे राहतात, टाका नेमका बसतो. चांगल्या फिल्टरमध्ये काच काळी झाली नाही तरी अतिनील किरणं अडतातच; मात्र झगझगाट सोसावा लागतो.

मग निवड कशी करावी? दिवसभर लांब वेल्ड ओढायचे असतील तर साधं हेल्मेट पुरेसं आहे. ग्रिल, जाळी, शटर अशा शेकडो टाक्यांच्या कामाला आम्ही ऑटोच सुचवू. कमी करंटच्या टिग वेल्डिंगला चार सेन्सरचं घ्यावं. दोन सेन्सर पाइपाआड झाकले गेले तर काच काळी होत नाही.

घेताना ‘ईएन 379’ हे मानक लिहिलेलं आहे का पाहा. रोज कामाआधी काच उन्हाकडे धरून काळी होते का तपासा. सेन्सर पुसा, बॅटरी वेळेवर बदला. आपल्याकडच्या मे महिन्यात हेल्मेट उन्हात किंवा तापलेल्या टिनावर ठेवू नका. बहुतेक फिल्टर साधारण 55 अंशांपर्यंतच नीट चालतात. काचेला तडा गेला तर ती वापरूच नका.

आणि डोळे दुखलेच तर मेडिकलमधून बधिर करणारे थेंब आणून टाकू नका; त्याने जखम भरायला उशीर लागतो. थंड पाण्याची पट्टी ठेवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डोळ्यांचा विभाग आहे.

मुलगा कामावर निघताना आपण डबा दिला का विचारतो. हेल्मेट घेतलं का, हेही विचारूया.