पाणी आधी, मासे नंतर
वऱ्हाडच्या उन्हाळ्यातही टिकणारा, झाडांचा साधा फिशटँक

दोन वर्षांपूर्वी ईदीच्या पैशांतून आमच्या धाकट्या लेकीने दोन गोल्डफिश आणले. काचेचं गोल भांडं, तळाला निळे-गुलाबी खडे, मध्ये प्लास्टिकचं एक झाड. दुकानदाराने खाद्याची डबी दिली आणि "रोज पाणी बदला" एवढंच सांगितलं. आम्ही रोज बदललं, तेही सगळं, थेट नळाखाली धरून. तिसऱ्या दिवशी एक मासा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागला. पाचव्या दिवसापर्यंत दोन्ही गेले.

लेक रडली नाही. तिने फक्त विचारलं, "अम्मी, आपण त्यांना मारलं का?"

शाळेत दिवसभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या आम्हाला त्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. दादीजान म्हणाल्या, "बेटा, अल्लाहची मर्जी." ते खरंच आहे. पण आधी उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवणही आपलीच आहे. आम्ही उंट बांधलाच नव्हता.

हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाचा, अबू उमैरचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. त्याच्याकडे एक छोटा पक्षी होता. तो मेला तेव्हा मूल उदास बसलं आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आवर्जून त्याच्या पक्ष्याची विचारपूस केली. या हदीसवरून उलेमांनी असं सांगितलं आहे, की नीट देखभाल होणार असेल तर पक्षी पाळायला हरकत नाही. अट देखभालीची आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीसही आपण मुलांना सांगतो. मग काचेत कोंडलेल्या माशाचा हिशेब वेगळा कसा असेल?

म्हणून आम्ही लेकीला खरं ते सांगितलं. "हो बेटा, आपल्या चुकीने गेले. पण आपल्याला माहीत नव्हतं. आता माहिती करून घेऊ, आणि नंतरच दुसरे आणू." त्या माहिती करून घेण्याला तीन महिने लागले. तेच इथे सांगत आहोत.

मासे का मेले?

मासा पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशाला विषासारखा आहे. निसर्गात एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच कमी घातक असतं आणि झाडं ते खत म्हणून घेतात. हे जिवाणू रेतीवर, मातीवर, दगडांवर वस्ती करतात. नव्या टँकमध्ये ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आमच्या भांड्यात ना जिवाणू होते, ना झाडं. शिवाय नळाच्या पाण्यातलं क्लोरीन रोज नव्याने पडत होतं. गोल्डफिश हा तर मोठा होणारा आणि भरपूर घाण करणारा मासा. गोल भांड्यात तो ठेवणं म्हणजे माणसाला कपाटात ठेवण्यासारखं.

आता आपल्या हौदांकडे पाहा. औरंगाबादच्या पाणचक्कीच्या हौदात, मुंबईच्या जामा मशिदीच्या तलावात मासे राहतात. तिथे पाणी भरपूर, वर उघडी हवा, भिंतींवर शेवाळ आणि पाण्याच्या मानाने मासे मोजके. घरच्या टँकलाही हाच नियम लावायचा: पाणी जास्त, झाडं जास्त, मासे कमी.

युरोपातही हे असंच शोधलं गेलं. 1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने दोन लहान गोल्डफिश, व्हॅलिसनेरियाची पाणवनस्पती आणि गोगलगाई यांचा मेळ घालून पाणी कसं शुद्ध राहतं ते मांडलं. अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांनी 1999 मध्ये यावर पुस्तकच लिहिलं. तळाला साधी माती, वर रेती, खच्चून झाडं, आणि महागडी यंत्रं जवळजवळ नाहीत, अशी त्यांची पद्धत. आम्ही तीच वऱ्हाडला बेतून घेतली.

पेटी आणि जागा

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची पेटी घ्या. वापरलेली मिळाली तरी चालेल, फक्त एक दिवस पाणी भरून गळत नाही ना ते पाहा. त्यात माती-रेती जाऊन पंचेचाळीस लिटरच्या आसपास पाणी मावतं. सगळं मिळून वजन साठ किलोच्या वर जातं, म्हणून टेबल भक्कम आणि सपाट हवं. पेटीखाली थर्माकोलची शीट घाला. जागा अशी निवडा की उजेड येईल, पण थेट ऊन पडणार नाही. उन्हाने पाणी तापतं आणि हिरवं होतं.

माती: इथे आमचं चुकलं

आमच्या अंगणात काळी कसदार माती. कापसाला चांगली, मग झाडांना का नाही, असं वाटून तीच भरली. काळी माती पाण्यात फुगते, चिकट होते आणि जरा धक्का लागला की उसळते. टँक आठ दिवस चहासारखा दिसत होता. सगळं उपसून पुन्हा सुरुवात केली.

नर्सरीत मिळणारी साधी लाल माती घ्या. तिच्यात शेणखत किंवा रासायनिक खत मिसळलेलं नको. चाळून, पाण्यात भिजवून, वर तरंगणारा कचरा काढून टाका. तळाला एक इंच थर पुरे. त्यावर स्वच्छ धुतलेल्या जाडसर रेतीचा इंच-दीड इंचाचा थर द्या, म्हणजे माती खाली दबून राहते. रेतीवर थोडं लिंबू पिळून पाहा. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती वापरू नका. पाणी भरताना रेतीवर ताटली ठेवा आणि तिच्यावर सावकाश ओता.

पाणी: अमरावतीचं आणि अकोल्याचं

अमरावतीला नळाचं पाणी अप्पर वर्धा धरणाचं, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचं. दोन्हीकडे क्लोरीन असतं. बादली किंवा ड्रम भरून एक-दोन दिवस उघडा ठेवला की ते उडून जातं. नाहीतर दुकानात क्लोरीन मारण्याचे थेंब मिळतात. नळ रोज न येणाऱ्या घरांत ड्रम भरलेलाच असतो. या एका बाबतीत आपली अडचण कामी येते.

अकोल्याच्या आमच्या आपांनी टँक पाहिला आणि त्यांनाही हौस आली. त्यांच्याकडे बोअर आहे. पंधरा दिवसांनी फोन आला, "अगं, झाडं गळून पडताहेत, मासेही गेले." आम्ही विचारलं, "आपा, पाणी कुठलं भरलं?" "बोअरचं." त्या भागाला खारपाणपट्टा का म्हणतात ते टँकने सांगितलं. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या मोठ्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. ज्या पाण्याने चहा नासतो, ते टँकमध्ये घालू नका. दुसऱ्या टोकाला, नुसतं आरओचं पाणीही नको. त्यात माशांना आणि झाडांना लागणारे क्षार उरत नाहीत. नळाचं, शिळं केलेलं पाणी सर्वांत बरं. आपांनी तेच भरलं आणि आता त्यांचा टँक आमच्यापेक्षा हिरवा आहे.

झाडं

झाडं पहिल्या दिवसापासूनच भरपूर लावा; अर्धी तरी जमीन झाकली पाहिजे. हायड्रिला आणि हॉर्नवॉर्ट झपाट्याने वाढतात आणि अमोनिया शोषून घेतात, सुरुवातीला हीच खरी कामाची. मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया लावा; तिची पानं फितीसारखी उंच जातात. जावा फर्न आणि अनुबियास मातीत पुरू नका. त्यांचं आडवं खोड पुरलं तर कुजतं. दोऱ्याने दगडाला बांधा. साधा एलईडी दिवा रोज सहा ते आठ तास पुरतो. जास्त वेळ लावला तर झाडांआधी शेवाळच वाढतं.

यानंतर सर्वांत अवघड काम आहे: थांबणं. टँक भरला, झाडं लागली, आणि मासे नाहीत. लेक रोज विचारायची, "आज आणायचे?" आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला लावल्या. चार आठवडे गेले. झाडांना नवी पानं फुटली, झाडांसोबत आलेल्या इवल्या गोगलगाई काचेवर फिरू लागल्या. सब्र शिकवायला पुस्तकातले धडे खूप आहेत, पण रिकाम्या टँकसमोर बसून ते शिकणं वेगळं.

मासे कोणते?

आपल्याकडे मासा निवडताना तीन गोष्टी पाहायच्या: जड पाणी चालतं का, उष्णता सोसतो का, आणि इतरांना त्रास देतो का. या हिशेबात पहिला नंबर गप्पीचा. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खातं हौद-टाक्यांत सोडतं तोच मासा. फक्त नर घ्या, सहा पुरेत. नर-मादी दोन्ही आणले तर महिन्या-महिन्याला पिल्लं होतात आणि टँक भरून जातो.

गप्पींसोबत हनी गौरामीची एक जोडी ठेवता येते. हा मूळचा आपल्याच देशातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला शांत मासा. त्याला वर येऊन हवेतून श्वास घेता येतो, त्यामुळे गरम पाण्यात प्राणवायू कमी झाला तरी तो तग धरतो. पंचेचाळीस लिटरमध्ये हे आठ मासे बस्स झाले.

काय घेऊ नये? गोल्डफिश झाडं खातो. टायगर बार्ब गप्पीच्या शेपट्या कुरतडतो. 'काच साफ करणारा' म्हणून देतात तो सकर पुढे फूटभर होतो. निऑन टेट्रा दिसतो सुंदर, पण त्याला थंड आणि हलकं पाणी लागतं.

सगळे मासे एकदम आणू नका. आधी तीन, पंधरा दिवसांनी बाकीचे. पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, मग तिच्यात अर्ध्या तासात थोडं थोडं टँकचं पाणी मिसळा. शेवटी जाळीने फक्त मासे सोडा. दुकानाचं पाणी आत ओतू नका.

रोजची देखभाल

दिवसातून एकदा चिमूटभर खाद्य, दोन मिनिटांत संपेल इतकंच. आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. दादीजान सोमवारी नफिल रोजा धरतात, म्हणून आमच्या घरी माशांचा उपासही सोमवारी असतो. आठवड्याला दहा लिटर पाणी काढून तितकंच शिळं पाणी भरायचं. टँक जुना झाला की पंधरा दिवसांनी चालतं. काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. ते खतासारखं आहे, आमचा मोगरा त्यावरच फुलतो. वुजू करतानाही पाणी उधळू नये असं शिकलेल्या घरात हे वेगळं सांगायला नको.

मे महिना

खरी परीक्षा इथेच आहे. अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, अमरावतीही फार मागे नसते. गप्पीला बावीस ते अठ्ठावीस अंश मानवतं, तीस-बत्तीसपर्यंत तो निभावून नेतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. म्हणून टँक कूलरच्या खोलीत हलवा, म्हणजे ती जागा आधीच ठरवा. भरलेला टँक हलवता येत नाही. झाकण काढून जाळी लावा आणि पाण्यावर छोटा पंखा सोडा; वाफ होऊन पाणी काही अंशांनी उतरतं. वाफेने कमी झालेलं पाणी रोज भरा. बर्फ थेट टाकू नका. फारच गरज पडली तर गोठवलेली बाटली थोडा वेळ तरंगवा. झाडं रात्री प्राणवायू देत नाहीत, उलट घेतात. त्यामुळे लोडशेडिंगच्या रात्रीसाठी बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप जवळ असू द्या.

मागच्या मे महिन्यात एवढं करूनही आमचा एक गप्पी गेला. लेकीने तो मोगऱ्याच्या कुंडीत पुरला आणि पंख्याची दिशा बदलून पाहिली. या वेळी तिने तो जुना प्रश्न विचारला नाही.

एक विनंती

टँक नकोसा झाला तर मासे किंवा झाडं नदी-तलावात सोडू नका. जानेवारी 2018 मध्ये अकोल्याच्या मोर्णा नदीतली जलकुंभी काढायला हजारो अकोलेकर उतरले होते. ती जलकुंभीही मुळात दक्षिण अमेरिकेची, शोभेसाठी देशोदेशी नेलेली. गप्पीही तिकडचाच. काचेत जो शोभतो, तो नदीत इतरांचा घास घेतो. दुकानात परत द्या, नाहीतर दुसऱ्या घरी द्या.

यंदा ईदच्या बाजारात एका गाड्यावर पॉलिथिनच्या पिशव्यांत गोल्डफिश टांगलेले होते. लेकीच्या मामेभावाने हट्ट धरला. आम्ही काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "आज नको रे. तुझ्या घरी पाणी तयार नाही. आधी टँक लावू, मी येते तुझ्या मदतीला."

पुढच्या रविवारी दोघांनी मिळून रेती धुतली. मासे अजून आणलेले नाहीत. कॅलेंडरवर खुणा चालू आहेत.