सेवा शुल्क, टीप आणि वेतन : वाढप्याच्या हाती नेमके काय पडते?

नवी दिल्ली : उपाहारगृहाच्या बिलात खाद्यपदार्थांच्या किमतीखाली अनेकदा ‘सेवा शुल्क’ अशी एक ओळ असते. ही रक्कम वाढप्याला मिळते, असा अनेक ग्राहकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती उपाहारगृहाच्या खात्यात जमा होते आणि तिची वाटणी व्यवस्थापनाच्या हाती असते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी हे शुल्क बिलात आपोआप जोडण्यास मनाई केली. उपाहारगृहचालकांच्या दोन राष्ट्रीय संघटनांनी त्यास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. शुल्काचा लाभ कर्मचाऱ्यांना होतो, असा त्यांचा एक युक्तिवाद होता. त्याच महिन्यात मनाईला स्थगिती मिळाली. मात्र २८ मार्च २०२५ रोजी न्या. प्रतिभा सिंग यांनी याचिका फेटाळल्या. ग्राहकाने स्वेच्छेने टीप देण्यास या निकालाने आडकाठी केलेली नाही.

मग कर्मचाऱ्यांच्या उत्पन्नाचे काय? याचे उत्तर वेतन कायद्यात आहे. अमेरिकेत टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला केवळ २.१३ डॉलर दिले तरी संघराज्याच्या कायद्यानुसार चालते. उरलेले किमान वेतन टिपेतून भरून निघावे लागते. हा दर १९९१ पासून बदललेला नाही. भारतात अशी सवलत नाही. टीप कितीही मिळो, किमान वेतन मालकानेच द्यावयाचे असते. टीप हे मालकाने दिलेले वेतन नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये प्राप्तिकराच्या एका प्रकरणात म्हटले होते.

दिल्लीत १ एप्रिल २०२५ पासून अकुशल कामगाराचे किमान वेतन दरमहा १८,४५६ रुपये, तर कुशल कामगाराचे २२,४११ रुपये ठरले. त्या वेळी शेजारच्या गुरुग्राम व नोएडात, म्हणजे हरियाणा व उत्तर प्रदेशात, हे दर कमी होते. साहजिकच राजधानी क्षेत्रात तेच काम करणाऱ्या दोघांचा हक्काचा पगार राज्याच्या सीमेनुसार बदलतो.

टीप रजेच्या दिवशी मिळत नाही, मंदीत आटते आणि भविष्य निर्वाह निधीतही तिची भर पडत नाही. ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ पासून टीप व सेवा शुल्काची संपूर्ण रक्कम कर्मचाऱ्यांना देणे मालकांवर बंधनकारक केले आहे. दिल्लीतील निकालाने ग्राहकाचा हक्क स्पष्ट झाला. वाढप्याचा हक्क मात्र किमान वेतनाची अंमलबजावणी किती काटेकोर होते, यावरच अवलंबून राहील.