पांढऱ्यासाठी शाई नाही

अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर फोटो उमटवण्याची जी सगळ्यात देखणी पद्धत आज आहे, तिच्यात पांढरी शाई नसते. निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी, एवढ्यावर सगळा संसार. मग मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारचा धबधबा भर श्रावणात फेसाळत कोसळतानाचा फोटो पाच फुटी पत्र्यावर घेतला, तर त्यातलं पांढरंशुभ्र पाणी येतं कुठून? ते कुठून येत नाही, आधीपासून तिथेच असतं. जिथे पाणी आहे तिथे यंत्र जवळपास काहीच छापत नाही, आणि पारदर्शक लेपाखालचा कोरा धातूच पाणी म्हणून चमकतो. सकाळी दारातून ऊन आत आलं की धबधबा उजळतो, संध्याकाळी दिवा लावेपर्यंत राखाडी होऊन बसतो.

मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो. पत्र्याकडे स्वतःचा उजेड नाही. खोलीत असेल तोच तो परत करतो. मोठ्या धातूच्या प्रिंटसाठी फोटो तयार करण्यातली निम्मी कामं या एका फरकातून निघतात.

आधी ही छपाई होते कशी ते बघू, कारण ती बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी आपण पाहिलेली आहे, फक्त लहान आकारात. वाढदिवसाला फोटो छापलेला मग देतात ना, तोच हा प्रकार. गावच्या क्रिकेट स्पर्धेतल्या भडक रंगांच्या जर्सीही बहुधा याच पद्धतीने छापलेल्या असतात. चित्र आधी एका खास कागदावर छापतात, तो कागद वस्तूवर उपडा ठेवतात आणि हीट प्रेसमध्ये दाबून सुमारे 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्या उष्णतेत कागदावरचा रंग वितळत नाही, थेट वायू होतो. आरतीच्या ताटातला उरलेला कापूर काही दिवसांनी आपोआप नाहीसा होतो, ताटात ओल मात्र राहत नाही, तसाच. शाळेच्या पुस्तकात याला संप्लवन म्हटलेलं असतं.

पुढचा भाग मला जास्त चकित करतो. पत्र्यावर पॉलिएस्टरसारख्या पॉलिमरचा पातळ लेप दिलेला असतो. थंड असताना त्याच्या लांबच लांब रेणूसाखळ्या एकमेकींत घट्ट गुंतलेल्या असतात. तापल्यावर त्या सैल होतात, हलायला लागतात, आणि वायू झालेले रंगाचे रेणू त्यांच्या फटींतून आत शिरतात. काही मिनिटांत पत्रा बाहेर काढला की साखळ्या पुन्हा आखडतात आणि रंग आतच अडकतो. म्हणजे चित्र पत्र्यावर नसतं, लेपाच्या पोटात असतं. त्यावरून ओला फडका फिरवा, नख लावा, रंग हाताला येत नाही. सुती कापडावर मात्र हा रंग टिकत नाही, कारण तिथे पॉलिएस्टरच्या साखळ्याच नाहीत. उन्हाचं मात्र भय आहे. अतिनील किरण लेपातल्या रंगालाही फिकट करतात, म्हणून मराठवाड्यातल्या मे महिन्याचं ऊन थेट पडणारी पश्चिमेची भिंत या कामाला नको.

त्या काही मिनिटांत आणखी एक गोष्ट घडते. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर चांगलंच पसरतं. पाच फूट लांबीचा पत्रा खोलीच्या तापमानावरून 200 अंशांवर गेला की सहा मिलिमीटरच्या आसपास लांब होतो, आणि त्याच वेळी वरचा कागद आतली ओल उडून जाऊन आकसत असतो. एक वाढतो आहे, दुसरा आटतो आहे, आणि या ओढाताणीत केसाइतकंही चित्र सरकता कामा नये. सरकलं तर कडांना भुतासारखी दुसरी सावली उमटते. पावसाळी हवेत कागदाने ओल धरली असेल तर डाग पडतात, म्हणून चांगला कारागीर कागद आधी नुसताच तापवून घेतो. कागद उपडा ठेवायचा असल्यामुळे चित्र त्यावर उलटं, आरशातलं छापावं लागतं. हे काम छापणाऱ्याचं. आपण फाइल सुलटीच द्यायची. दोघांनीही उलटी केली तर अंबाजोगाईच्या योगेश्वरीच्या कळसाचं फारसं बिघडत नाही, पण दुकानांच्या पाट्या उलट्या वाचाव्या लागतात.

धातूवर फोटो म्हणजे काही नवीन चूष वाटेल, पण छायाचित्रणाचा जन्मच धातूवर झाला. आज टिकून असलेला कॅमेऱ्यातला सगळ्यात जुना फोटो 1826-27 च्या सुमारास फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स याने कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर घेतला, आणि प्रकाश टिपायला वापरलं ते चक्क डांबर! उजेड लागला तिथलं डांबर घट्ट झालं, बाकीचं धुऊन निघालं, आणि उघडा पडलेला चकचकीत धातू सावल्या म्हणून वाचायचा. तो पत्रा समोरून धरला तर नुसता आरसा दिसतो. विशिष्ट कोनात कलवला तरच खिडकीबाहेरची छपरं उमटतात. 1839 ची दागेरोटाइपही चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्यावर होती. पुढे काच आणि कागद आले. बीड ज्या निजामी राज्यात होतं, त्या राज्याच्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या काळी फोटो बहुतेक काचेच्या निगेटिव्हला कागद भिडवून उन्हात काढत. त्यामुळे चित्र जेवढं मोठं हवं, तेवढी मोठी काच कॅमेऱ्यात घालावी लागे.

आता काच वाढवायची गरज नाही, तर प्रश्न पिक्सेलवर येऊन ठेपतो. स्टुडिओत गेलं की एक आकडा हमखास ऐकू येतो: इंचाला 300 ठिपके. हा आकडा आपल्या डोळ्यांतून आला आहे. धडधाकट नजरेला साधारण एक कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दिसतात. हातात धरलेल्या फोटोवर, 30 सेंटिमीटरवरून, हे अंतर 0.087 मिलिमीटर भरतं. इंचाला जवळपास 290 ठिपके. झाले तुमचे 300. पण एक मीटर मागे सरका, इंचाला 87 पुरतात. दोन मीटरवर 44.

आणि चौकात दहा मीटरवरून? नऊ. भाऊंच्या वाढदिवसाचा वीस फुटी फ्लेक्स दोन-अडीच हजार पिक्सेलच्या फोटोवर झकास निघतो तो यामुळे. व्हॉट्सअ‍ॅपने दाबून धाडलेला फोटोही, ज्याची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेल उरते, तिथे खपून जातो. तोच फोटो पाच फुटी पत्र्यावर घेतला तर इंचाला 27 ठिपके येतात, आणि ते डोळ्यांना मिसळून दिसायला सव्वातीन मीटर लांब उभं राहावं लागेल. आपल्याकडच्या किती बैठकीच्या खोल्या एवढ्या खोल असतात? उलट 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची मूळ फाइल 6000 पिक्सेल रुंद असते. पाच फुटांत तिचे इंचाला 100 ठिपके पडतात, आणि तीन फुटांवरून चित्र सलग दिसतं. म्हणून मूळ फाइल मागून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरच यायची असेल तर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

तरी माणसं जवळ जातातच. गुळगुळीत धातूचा मोहच तसा असतो, नाक लावून बघावंसं वाटतं. मग आहेत त्या पिक्सेलच्या मध्ये नवे पिक्सेल भरावे लागतात आणि हे काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेची सॉफ्टवेअर करतात. याला फसवणूक म्हणण्याआधी हे लक्षात घ्या की कॅमेराही अंदाजच बांधत असतो. संवेदकाच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच गाळणी असते; कोडॅकच्या ब्राइस बेयर यांच्या नावाने 1976 मध्ये पेटंट झालेली ही मांडणी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये आहे. 24 दशलक्षांपैकी निम्मे पिक्सेल फक्त हिरवं बघतात, पाव लाल, पाव निळं. प्रत्येक ठिकाणचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून हिशेबाने भरले जातात. फोटोतल्या रंगाचा दोनतृतीयांश भाग मोजलेला नसतो, अनुमानाने आलेला असतो!

पण अनुमानालाही मर्यादा हवी. पाऊस, झाडी, बालाघाटाचे डोंगर यांच्यात सॉफ्टवेअरने चार पानं जास्त काढली तर कुणाचं काही जात नाही. बीडच्या कंकाळेश्वराच्या बाहेरच्या भिंतीवरच्या शिल्पांचं तसं नाही. पाण्याच्या कुंडात उभ्या असलेल्या त्या मंदिरावरच्या मूर्तींची नाकं झिजली आहेत, बोटं तुटली आहेत. सॉफ्टवेअर तिथे नवं नाक बसवतं, डोळ्यांत बुबुळं घालतं. ते दिसतं सुरेख, आणि ते खोटं असतं. अशा फोटोला मी दुपटीपेक्षा जास्त वाढवणार नाही, आणि वाढवल्यावर प्रत्येक चेहरा मूळ फाइलशेजारी ठेवून बघेन. कडा धारदार करण्याचं कामही अंतिम आकारात आणल्यावरच आणि हात राखून करावं. मोबाइलवर कडक दिसणारी धार पाच फुटांत दगडाभोवती पांढरी रेघ ओढते.

कंकाळेश्वराचा दगड, अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यांचा दगड, सगळा काळा बेसॉल्ट. या जिल्ह्यातले फोटो धातूवर न्यायचे तर सगळ्यात अवघड गाठ इथे आहे. लेण्याच्या आतल्या खांबांचा उजेड फाइलमध्ये 0 ते 255 च्या मापावर दहा-वीस-तीस असा कुठेतरी घुटमळत असतो. मोबाइलवर हे खांब छान वेगळे दिसतात, कारण पूर्ण तेजावर त्याचा पडदा दर चौरस मीटरला 500 कँडेला किंवा जास्त प्रकाश फेकतो. आता घरातली भिंत घ्या. संध्याकाळी ट्यूबच्या उजेडात तिथे समजा 150 लक्स आहे. तर अगदी पांढराफेक पृष्ठभागही चाळीस-पंचेचाळीस कँडेलाच परत देईल. दहापट फरक! मोबाइलवर बघून दिलेला लेण्याचा फोटो छापून आल्यावर काळा पत्रा होतो, तो त्यामुळे. दोष छापणाऱ्याच्या माथी जातो.

उपाय आहेत आणि ते सोपे आहेत. संगणकाच्या पडद्याचं तेज 100 कँडेलाच्या आसपास उतरवून, अंधाऱ्या नव्हे तर साध्या उजेडाच्या खोलीत काम करायचं. सावल्या उचलायच्या, पण मूळ रॉ फाइलमधून. रॉमध्ये बहुधा 14 बिट असतात, म्हणजे उजेडाच्या 16,384 पायऱ्या. जेपेगमध्ये फक्त 256. जेपेगच्या सावल्या ओढल्या की खांबांवर पट्टे पडतात आणि रंगीत खरखर वर येते. छापणाऱ्याकडून त्याच्या यंत्राची, कागदाची आणि पत्र्याची मिळून एक आयसीसी प्रोफाइल फाइल मागायची. ती लावली की कुठला रंग तिथे पोचणारच नाही हे पडद्यावर आधीच दिसतं. गुलाल हा त्यातला अट्टल गुन्हेगार. मिरवणुकीत उधळलेल्या गुलालात कॅमेऱ्याचा लाल भाग आधीच तुडुंब भरतो आणि छपाईत सगळी गर्दी एकसारख्या गुलाबी थरात बुडते. तिथे रंग थोडा मळकट केला तर उलट गुलालाचे कण, घड्या, माणसांचे खांदे दिसायला लागतात.

पत्रा निवडतानाही फोटो बघायचा. पारदर्शक लेपाच्या रुपेरी पत्र्यावर कपिलधार, माजलगाव धरणाचं पाणी, ढग, परळीची रात्र हे शोभतं. माणसाचा चेहरा तिथे शिशासारखा दिसतो. आजोबांचा फोटो घ्यायचा तर पांढऱ्या तळाचाच पत्रा घ्यावा. तुमच्या देवघरातले चांदीचे टाक आठवा, त्यांत रंग मुळीच नसतो, सगळं रूप उठाव आणि उजेड यांतून येतं. म्हणून रुपेरी पत्र्यावर कृष्णधवल शिल्पं रंगीत फोटोंपेक्षा सरस उतरतात असं माझं मत आहे. दगडाच्या उजळ कडा नुसत्या धातूच्या ठेवायच्या, बाकी काळं.

सव्वा मिलिमीटरच्याही आतल्या जाडीचा असा पाच फूट बाय सव्वातीन फुटांचा पत्रा भरतो पावणेपाच किलोच्या आसपास. एक किलो नवं अ‍ॅल्युमिनियम गाळून काढायला सुमारे 14 युनिट वीज लागते, तेव्हा चित्र उमटण्याआधीच त्यात साठ-सत्तर युनिट खर्ची पडलेले असतात. परळीच्या वीजकेंद्राच्या सावलीत राहणाऱ्यांना युनिट म्हणजे काय हे सांगायला नको. चुकलेला पत्रा महाग पडतो तो असाही.

म्हणून पूर्ण चित्र छापण्याआधी चाचणीची पट्टी काढावी. सगळा फोटो लहान करून नव्हे. पाच फुटी फाइल तयार झाल्यावर तिच्यातून आठ बाय दहा इंचांचा तुकडा आहे त्याच मापात कापायचा आणि त्याच जातीच्या पत्र्यावर छापून आणायचा. तुकडा निवडताना फोटोतली सगळ्यात सुंदर जागा घेऊ नये. सगळ्यात काळा कोपरा आणि सगळ्यात उजळ कड एकत्र येतात ती जागा घ्यावी. मग ती पट्टी जिथे चित्र लागणार त्याच भिंतीवर टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवा लावल्यावर बघायची, आणि काळ्या कोपऱ्यातला दगड तिन्ही वेळा दिसला तरच पुढची ऑर्डर द्यायची.