काटा अडतो तेव्हा

पहिल्या महिन्यात चार किलो उतरतात, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात जेमतेम अर्धा. चौथ्या महिन्यात काटा हलायचं नावच घेत नाही. पोळ्या मोजून, पहाटे फिरूनही ही गत, म्हणून नेमके याच टप्प्यावर अनेकजण हात टेकतात. पण उत्साह मावळतो तो बहुतेकदा चुकीच्या हिशेबांमुळे. ते आधी दुरुस्त करू.

गैरसमज १ : सुरुवातीच्या वेगानेच वजन उतरत राहायला हवं.

वस्तुस्थिती : पहिल्या एक-दोन आठवड्यांत घटलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनचा साठा असतो आणि त्याच्या दर ग्रॅमामागे सुमारे ३ ग्रॅम पाणी. खाणं कमी केलं की आधी हा साठा उतरतो. ‘७,७०० कॅलरी वाचवल्या की एक किलो कमी’ हे गणितही दूरवर चालत नाही, कारण त्यात शरीराची गरज कायम तेवढीच धरलेली असते. ८० किलोंचं शरीर ७२ वर आलं की तोच जिना चढायला त्याला कमी ऊर्जा लागते.

गैरसमज २ : खाणं तेवढंच आहे, माझं मेटाबॉलिझमच बंद पडलंय.

वस्तुस्थिती : ते मंदावतं, बंद पडत नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीझ यांनी ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचा ऊर्जाखर्च बराच घटला, तरी वजन साधारण चौथ्या हिश्श्याने उतरलंच.

खरी ओढाताण भुकेची असते. संशोधक केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये काढलेला अंदाज असा : घटलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा ऊर्जाखर्च २० ते ३० कॅलरींनी कमी होतो, पण भूक सुमारे १०० कॅलरींनी वाढते. ही वाढलेली भूक ताटात गुपचूप शिरते. १९९२ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात, ‘काही केल्या वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांनी आपलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितलं होतं. त्यात लबाडी असतेच असं नाही, अंदाज चुकतो.

आपल्या स्वयंपाकघरात तो चुकतो फोडणीच्या पळीत आणि शेंगदाण्याच्या कुटात. १५ मिलिलिटर तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. ३० ग्रॅम कूट म्हणजे १७०च्या आसपास. तेलाच्या बरणीवर महिन्याच्या एक तारखेला पेनाने खूण करा आणि महिनाअखेरीस संपलेलं तेल माणशी भागा. कुठे पाणी मुरतंय ते कळेल.

गैरसमज ३ : काटा अडला की जेवण निम्मं करावं किंवा कडक उपास धरावेत.

वस्तुस्थिती : एकदम खाणं तोडलं की चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि भूक आणखी खवळते. उपासाला साबुदाण्याची खिचडी आली तर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ठरलेलंच. त्यापेक्षा जेवणात वरण, उसळ, दही, अंडी यांचा वाटा वाढवा आणि चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर लागेल असा व्यायाम करा. बैठका चालतील.

गैरसमज ४ : काटा हलत नाही, म्हणजे फायदाही थांबला.

वस्तुस्थिती : मीठ, पाळी, बद्धकोष्ठता यांमुळे वजन एखाद-दुसरा किलो सहज वर-खाली होतं, म्हणून आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी मोजा. सोबत कमरेला टेप लावा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. आणि फायदा मिळवायला ‘आदर्श’ वजन गाठावं लागत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत एका गटाचं उद्दिष्ट होतं फक्त ७ टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ८० किलोंच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे सुमारे साडेपाच किलो.

सगळं नीट पाळूनही वजन वाढतच असेल, थकवा किंवा सूज असेल, तर डॉक्टरांना भेटून थायरॉइड आणि चालू औषधं तपासून घ्या. एरवी काटा अडला तरी मोजून फोडणी आणि रोजचं चालणं सोडू नका. उतरलेलं वजन टिकवायला पुढची कित्येक वर्षं हेच करायचं आहे. त्याची तालीम आताच सुरू झालीय.