तृतीयाप्रकृतींचा विवाह : शास्त्र, सनदा व निवाडे

पुरुषदेहानें जन्मून स्त्री म्हणून राहणाऱ्या व्यक्तीस पति वरतां येतो कीं नाहीं, आणि येत असल्यास तो विवाह कोणत्या कागदानें सिद्ध होतो, असा प्रश्न कोपरी येथील आमच्या एका पोथीसंग्राहक मित्रांनीं आम्हांस विचारिला. प्रश्न आजचा आहे. परंतु त्याचीं मुळें जुन्या ग्रंथांत व दप्तरांत असल्यामुळें त्याचा येथें खुलासा करणें अस्थानीं होणार नाहीं.

प्रथम ग्रंथांकडे वळूं. अमरकोशांत षण्ढ, क्लीब या शब्दांशेजारीं 'तृतीयाप्रकृति' हा शब्द पर्याय म्हणून दिला आहे. वात्स्यायन तिचे स्त्रीरूपिणी व पुरुषरूपिणी असे दोन भेद करितो. आज ज्यांस आपण तृतीयपंथी किंवा पारलिंगी स्त्रिया म्हणतों, त्यांस यांतील पहिला भेद जवळचा आहे. तंतोतंत तोच, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. नारदस्मृतींत स्त्रीपुंसयोगाच्या प्रकरणीं षण्ढांचे चौदा प्रकार मोजले आहेत, ते वरपरीक्षेसाठीं. मनूनें क्लीबास दायभागांतून वगळिलें. पण त्यानें स्त्री केल्यास तिच्या संततीचा वांटा मान्य केला. या सर्व चर्चेंतील एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हा वर होऊं शकेल काय, एवढेंच शास्त्रकार विचारतात. ही वधू होऊं शकेल काय, हा प्रश्न त्यांच्यापुढें आलेलाच दिसत नाहीं. म्हणून 'शास्त्रांत निषेध आहे' असें ठणकावून सांगणारे पंडित ज्या वचनांचा आधार घेतात, तीं वचनें भलत्याच प्रश्नाचीं उत्तरें आहेत. (व्याकरणाचें वेड असलेल्यांसाठीं एवढें सुचवितों कीं, संस्कृतांत पत्नीवाचक शब्दांपैकीं 'भार्या' स्त्रीलिंगी, 'दार' पुल्लिंगी आणि 'कलत्र' नपुंसकलिंगी आहे. पतीचें त्यावांचून कांहीं अडलें नाहीं.)

दप्तरांची साक्ष निराळी आहे. मराठी राज्यांत हिजड्यांस घरोघर भिक्षा मागण्याचे हक्क, रोख नेमणुकी व कोठें कोठें जमिनीही सनदेनें चालत. हे हक्क गुरूमागून चेल्याकडे जात, म्हणजे गुरुशिष्यपरंपरा हाच त्यांचा वंश सरकारनें मानिला होता. इंग्रजी अमलांत इनामांची चौकशी सुरू झाली, १८५२ चा अकरावा कायदा झाला, आणि लोकलज्जेस बाध आणणारें उत्पन्न चालवावयाचें नाहीं या सबबीवर त्यांतील पुष्कळ हक्क बुडाले. उत्तर हिंदुस्थानांत तर १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें नोंद झालेल्या हिजड्यांस मृत्युपत्र, बक्षीसपत्र व दत्तक या तिन्ही गोष्टींची बंदी केली. तेव्हां चेल्याचा कागद होता आणि तो फाडला गेला. पतीचा कागद मुळींच नव्हता.

पतीच नव्हता, असें मात्र यावरून समजूं नये. संसार मांडणें, एका चुलीवर जेवणें, परस्परांच्या दुखण्याखुपण्यांत उशाशीं बसणें हें या स्त्रियांत सदैव चालत आलें आहे. उत्तरेकडील जमातींत अशा जोडीदारास 'गिरिया' म्हणतात. पण विधि पाहूं जातां तो दुसऱ्याच कोणाच्या नांवें आढळतो. सौंदत्तीच्या यल्लम्मेचीं मुलें म्हणविणाऱ्या जोगतिणी व लुगडें नेसणारे जोगते मार्गशीर्षांतील रांडाव पुनवेस बांगड्या फोडतात, त्या जमदग्नीसाठीं. माघांतील अहेव पुनवेस पुन्हां भरतात. तमिळ देशांत कूवगम् येथें चैत्री यात्रेंत पुजाऱ्याकडून गळ्यांत ताली बांधून घेतात ती अरवानाची, आणि दुसरे दिवशीं ती तुटते. हा अरवान म्हणजे अर्जुन व उलूपी यांचा पुत्र इरावान्. भीष्मपर्वांत त्याचा वध आहे, मोहिनीशीं त्याचें लग्न मात्र त्यांत नाहीं. तें दक्षिणेच्या लोककथेनें जोडिलें. हिजड्यांच्या कित्येक घराण्यांत गुरू निवर्तल्यावर चेल्या वैधव्यासारखें पांढरें वस्त्र पाळतात. देवासाठीं व गुरूसाठीं चुडा फुटतो. ज्याच्याबरोबर वीस वर्षें घर केलें त्याच्यासाठीं तो फोडण्याचा अधिकार कोणत्याच रूढीनें दिलेला आमच्या पाहण्यांत नाहीं.

ही उणीव अलीकडे न्यायालयांनीं भरावयास आरंभ केला आहे. सर्वोच्च न्यायालयानें १५ एप्रिल २०१४ रोजीं तृतीयपंथीयांस आपलें लिंग आपण ठरविण्याचा हक्क आहे असा निर्णय दिला. पुढें तमिळनाडूंत देवळांत लागलेलें एक लग्न नोंदण्यास निबंधकानें नकार दिला, तेव्हां मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै पीठानें २२ एप्रिल २०१९ रोजीं ठरविलें कीं, १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांतील 'वधू' या शब्दांत पारलिंगी स्त्रीचाही समावेश होतो. शास्त्रकारांनीं न विचारलेला प्रश्न येथें प्रथमच इतक्या स्पष्टपणें विचारला गेला. मुंबई उच्च न्यायालयापुढें मार्च २०२३ मध्यें आलेलें प्रकरण याहून बोलकें आहे. २०१६ सालीं लग्न केलेला पति पुढें पोटगी टाळण्यासाठीं 'ही स्त्रीच नव्हे' असें म्हणूं लागला. शस्त्रक्रियेनें स्त्री झालेली व्यक्ति घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यान्वयें दाद मागूं शकते, असें न्यायमूर्ति अमित बोरकर यांनीं ठरविलें. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें समलिंगी विवाहास मान्यता देण्याचें नाकारिलें. तथापि पारलिंगी स्त्रीनें पुरुषाशीं केलेला विवाह चालू कायद्यांत बसतो, हें त्यांतच स्पष्ट केलें.

आमच्या मित्रांचें उत्तर आतां देतां येतें. कोपरींतील अशा जोडप्यानें सप्तपदीनें विवाह केल्यास सातव्या पदाशीं तो पुरा होतो. कन्यादान कोणीं केलें, हें कायद्याचें सातवें कलम विचारीत नाहीं. नोंदणीच्या अर्जावर लग्न लावणाऱ्याची सही व तीन साक्षीदार लागतात. माहेर तुटलेल्या स्त्रीस साक्षीदार जमविणेंच जड जातें, आणि भटजी सही करण्यास कचरतात. मग मुद्रांकावर 'आम्ही पतिपत्नी म्हणून राहतों' असा करार लिहून काम भागवितात. त्यानें विवाह सिद्ध होत नाहीं. तथापि उद्यां कोर्टांत सहवासाचा पुरावा म्हणून किंवा शंभर वर्षांनीं इतिहासाचें साधन म्हणून तोच एक कागद उरेल. मरणोत्तर घर आवरतांना असे कागद सर्वांआधीं रद्दींत जातात. संग्राहकांच्या हातीं ते आल्यास मुद्रांकाचें मूल्य पाहून पान कापूं नये, सोबतचीं छायाचित्रें वेगळीं विकूं नयेत, आणि उभयतांपैकीं कोणी हयात असेपर्यंत नांवें छापूं नयेत.